बाबांना शिंका, लेकीला मांजर: एका घराचं प्रकरण

गेल्या वर्षी दिवाळी उलटून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा पुण्यातलं एक कुटुंब माझ्या दवाखान्यात आलं. आई, वडील आणि सहावीतली लेक. सोबत जनावर नव्हतं. वडिलांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर नऊ आठवड्यांचं, राखाडी दाट केसांचं, सायबेरियन जातीच्या मांजराचं पिल्लू होतं. विक्रेता दुसऱ्या राज्यातला आणि किंमत लाखाच्या वर. त्यातले पंचवीस हजार बुधवारपर्यंत आगाऊ भरायचे होते.

"डॉक्टर, ही हायपोअ‍ॅलर्जेनिक जात आहे, म्हणजे हिचा त्रास होत नाही, असं ते लिहून द्यायला तयार आहेत. घेऊ ना?"

"अ‍ॅलर्जी कोणाला आहे?"

"मलाच."

मी पशुवैद्य आहे. हा प्रश्न घेऊन लोक माझ्याकडे वरचेवर येतात, पण बहुतेक वेळा मांजर घरात आल्यावर. तेव्हा प्रश्न असतो, 'आता याला कुठे ठेवायचं?' हे कुटुंब मांजर आणण्याआधी आलं, पुढे सहा महिने सांगितलेलं सगळं धीराने करत राहिलं आणि रोज नोंदी ठेवत गेलं. म्हणून त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं वगळून, हे प्रकरण लिहिते आहे.

वडिलांचं वय ४१. लहानपणी दमा होता. कॉलेजात गेल्यावर बरा झाला असं घरात सगळे म्हणायचे, पण पावसाळ्यात आणि थंडीच्या सुरुवातीला छातीत घरघर व्हायची. ड्रॉवरमध्ये एक पंप असायचा, तो लागेल तेव्हा ओढायचा, एवढाच उपचार. ऑफिसातल्या एका मित्राकडे दोन मांजरं आहेत. तिथे गेलं की पंधरा मिनिटांत डोळे चुरचुरायला लागायचे. मुलगी तीन वर्षं मांजर मागत होती. आणि घरी आजी होत्या, त्यांचा ठाम विरोध. "मांजराचे केस पोटात गेले की दमा होतो, आमच्या आईपासून ऐकत आलोय," असं त्यांचं म्हणणं. ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. त्यातला केसाचा भाग चुकीचा, पण दम्याच्या माणसाने मांजरापासून जपावं ही त्यामागची काळजी खरी. आजींना हसून सोडून द्यावं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

मी त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की मांजराबद्दल मी बोलेन, तुमच्या छातीबद्दल अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी बोलायला हवं, आणि तोवर एक रुपयाही भरू नका. बुधवार गेला. पिल्लू दुसऱ्या कुणीतरी घेतलं. लेक दोन दिवस जेवली नाही, असं आईने नंतर सांगितलं.

तज्ज्ञांकडे त्वचेची चाचणी झाली. आठवडाभर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवून मग हाताच्या आतल्या बाजूला पेनने आकडे घालायचे, प्रत्येक आकड्याशेजारी एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवायचा आणि त्या थेंबातून कातडीला अगदी वरच्या वर टोचायचं. पंधरा-वीस मिनिटांत ज्याची अ‍ॅलर्जी आहे तिथे पित्तासारखी गांध उठते. अर्क नसलेल्या नुसत्या द्रावणाच्या थेंबापाशी उठते तिच्यापेक्षा ती तीन मिलिमीटर किंवा जास्त मोठी असेल तर चाचणी सकारात्मक धरतात. या गृहस्थांची मांजराची गांध ७ मिलिमीटर होती. झुरळाची ४. आणि घरातल्या धुळीतल्या माइटची ११. हे माइट डोळ्यांना दिसत नाहीत, गाद्या-उशांमध्ये राहतात, आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवेत फोफावतात. म्हणजे मांजर घरात नसतानाच त्यांची छाती रोज रात्री गादीतल्या माइटशी झगडत होती.

तज्ज्ञांचं मत स्पष्ट होतं. मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्या दम्याच्या माणसाने मांजर आणू नये. एवढं सांगूनही आणायचंच असेल, तर आधी तीन महिने दमा पूर्ण आटोक्यात आणायचा, रोजचा प्रतिबंधक पंप न चुकता घ्यायचा, सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटरमध्ये (जोरात सोडलेल्या श्वासाचा वेग मोजणारं साधन) फुंकून आकडा लिहायचा, आणि स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली सलग दोन दिवस गेलात तर मांजर परत. हा नियम आम्ही सगळ्यांनी मान्य केला. लेकीनेही.

ते तीन महिने मांजराविना गेले, पण माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा फायदा तेव्हाच झाला. दिवाणखान्यातला गालिचा गेला. गाद्या-उशांना माइट आत-बाहेर जाऊ न देणारी आवरणं आली. चादरी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात. नोव्हेंबरात ३९० फुंकणारा माणूस फेब्रुवारीत ४६० फुंकायला लागला. जिने चढताना थांबावं लागत नाही हे त्यांना सोसायटीची लिफ्ट बंद पडली त्या दिवशी कळलं. ४६० हा त्यांचा सर्वोत्तम आकडा ठरला. त्याचे ८० टक्के म्हणजे ३६८. वहीच्या पहिल्या पानावर तो लाल पेनने लिहिलेला आहे.

आता मांजराकडे वळू.

अ‍ॅलर्जी केसांची नसते. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत एक प्रथिन तयार होतं. फेलिस डोमेस्टिकस या नावावरून त्याला फेल-डी-१ म्हणतात. मांजराची इतरही काही प्रथिनं त्रास देतात, पण मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतांश लोकांचं शरीर बिथरतं ते याच्यावर. मांजर दिवसभर स्वतःला चाटतं, लाळ केसांवर वाळते आणि तिचे अतिसूक्ष्म कण हवेत जातात. ते इतके हलके असतात की तासन् तास तरंगत राहतात, कपड्यांना चिकटून ऑफिसात, शाळेत पोचतात आणि भिंतींवरही बसतात. मांजर घरातून गेलं तरी घरातलं फेल-डी-१ मांजर नसलेल्या घराइतकं खाली यायला पाच-सहा महिने लागू शकतात. 'आठवडाभर ठेवून बघू, नाही जमलं तर देऊन टाकू' हा हिशेब म्हणूनच चुकतो. मांजर जातं आणि त्रास मागे उरतो.

हे समजलं की जातींच्या याद्यांकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. इंटरनेटवर सायबेरियन, बालिनीज, रशियन ब्लू, डेव्हन रेक्स, कॉर्निश रेक्स आणि बिनकेसांचं स्फिंक्स अशी नावं फिरत असतात. स्फिंक्सला केस नसतात, पण लाळ आणि तेलग्रंथी असतातच. केस नसल्यामुळे तेल शोषलं जात नाही, कातडीवर थर साचतो आणि त्याला वरचेवर आंघोळ घालावी लागते. सायबेरियनबाबत थोडं तथ्य आहे. काही सायबेरियन मांजरांत हे प्रथिन कमी आढळलं आहे. पण त्याच जातीत भरपूर प्रथिन असणारी मांजरंही आहेत, आणि दोन जातींमध्ये जेवढा फरक दिसतो त्याहून मोठा फरक एकाच जातीच्या दोन मांजरांत दिसतो. केसांची लांबी आणि रंग यांवरूनही अंदाज बांधता येत नाही. मोजमापांत पक्का दिसणारा फरक आहे तो लिंगाचा: नसबंदी न झालेल्या बोक्यात हे प्रथिन सर्वांत जास्त असतं, नसबंदीनंतर ते उतरतं आणि भाटीत, म्हणजे मादीत, बोक्याच्या मानाने कमी असतं.

त्या सायबेरियन पिल्लाविरुद्ध माझा खरा मुद्दा याच्याही पुढचा होता. नऊ आठवड्यांचं पिल्लू मोठेपणी किती प्रथिन सोडेल हे ते पिल्लू बघून कुणालाच सांगता येत नाही. त्यात तो नर होता. वयात आल्यावर त्याची पातळी वाढणार, आणि तोवर लेकीचा जीव त्याच्यात पूर्ण गुंतलेला असणार. शिवाय ते हजार किलोमीटरवर होतं. या गृहस्थांना त्याच्याशेजारी एक तासही बसून बघता येत नव्हतं. 'लिहून देतो' म्हणणाऱ्या विक्रेत्याचा कागद शिंका थांबवत नाही. २००६ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने खास अ‍ॅलर्जीमुक्त मांजरं काही हजार डॉलरला विकायला काढली होती. त्या दाव्याला आधार देणारं संशोधन तिने कधीच प्रसिद्ध केलं नाही.

मी त्यांना म्हटलं, जात विसरा. आपण एक मांजर शोधू. वयाने मोठी, नसबंदी झालेली भाटी, जिच्याजवळ तुम्हाला आधी बसता येईल. लेक म्हणाली, "पण पिल्लू नाही?" तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाईट वाटलं, पण मी नाही म्हटलं.

पहिला प्रयत्न माझ्याच चुकीमुळे फुकट गेला. भटक्या मांजरांना तात्पुरतं सांभाळणाऱ्या एका ओळखीच्या ताईंकडे मी त्यांना पाठवलं. तिथे नऊ मांजरं. दहा मिनिटांत गृहस्थ शिंकायला लागले. कुणामुळे? सांगणार कसं? त्या खोलीतली हवा नऊही मांजरांची होती. हे मला आधी सुचायला हवं होतं. मग दोन आठवडे खटपट करून एकच मांजर असलेली तीन फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं सांभाळणारी, घरं शोधली. एका भेटीला एक तास. भेटीआधी, लगेच नंतर आणि रात्री झोपताना पीक फ्लो. रात्रीचा आकडा महत्त्वाचा, कारण दम्याची दुसरी लाट चार ते आठ तासांनी येऊ शकते आणि भेटीत बरं वाटलेला माणूस रात्री धापा टाकू शकतो. खिशात पंप हवाच. दोन भेटींत किमान चार दिवसांचं अंतर.

पहिला होता पिवळा बोका, दोन वर्षांचा, नसबंदी झालेला, अतिशय लाघवी. आल्या आल्या त्यांच्या मांडीवर चढला आणि हनुवटीला डोकं घासायला लागला. मांजराच्या तोंडा-मानेजवळ हे प्रथिन जास्त असतं, हे मी आधी सांगितलं होतं. तरी त्याला दूर करायचा धीर त्यांना झाला नाही. वीस मिनिटांत डोळे लाल. रात्री ३९०. लाल आकड्याच्या वरच, पण एका तासाच्या भेटीत एवढी घसरण म्हणजे उत्तर मिळालं.

दुसरी पांढरी, लांब केसांची पर्शियन मिश्र भाटी. कुणीतरी सोसायटीच्या गेटपाशी पिंजऱ्यासकट सोडून दिलेली. तिच्याजवळ सगळ्यात जास्त त्रास होईल असा सगळ्यांचा अंदाज होता, आणि पहिल्या भेटीत फक्त नाक थोडं हुळहुळलं. रात्री ४४०. लेक हरखली. दुसऱ्या भेटीत मात्र त्या भाटीने बाबांच्या मानेला डोकं घासलं आणि तिथे गांधी उठल्या. एका भेटीवर निर्णय घेतला असता तर फसलो असतो. शिवाय चपट्या नाकाच्या पर्शियनचे डोळे सतत पाझरतात, रोज पुसावे लागतात, आणि हे प्रथिन अश्रूंतही असतं. या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजारही बराच आढळतो. तिला पुढे अ‍ॅलर्जी नसलेलं घर मिळालं, याचा मला आनंद आहे.

तिसरी तिरंगी देशी भाटी, साधारण चार वर्षांची. (तिरंगी मांजर बहुधा मादीच असते, हे मुलीला फार आवडलं.) नसबंदीची खूण म्हणून एका कानाचं टोक कापलेलं. पार्किंगमध्ये वाढलेली, माणसांवर विश्वास असलेली, पण मांडीवर न बसणारी. ती हातभर अंतरावर पाय दुमडून बसायची आणि तिथूनच डोळे मिचकावत बघायची. तीन भेटींत मिळून पाच-सहा शिंका. रात्रीचे आकडे ४५०, ४४०, ४५०.

तिच्या लाळेतलं प्रथिन आम्ही कुठे तपासून घेतलं नाही. ते तिच्यात मुळातच कमी होतं की ती अंगाला अंग लावत नाही म्हणून त्रास कमी झाला, हे मी वेगळं करून सांगू शकत नाही. घरासाठी दोन्ही कारणं सारखीच उपयोगाची होती. मांजराचा स्वभाव हाही अ‍ॅलर्जीच्या हिशेबात धरावा, हे मला तिच्यामुळे कळलं.

तरी लगेच घरी आणलं नाही. आधी तिच्या अंथरुणातला सुती टॉवेल, ज्यावर ती आठवडाभर झोपली होती, तो यांच्या दिवाणखान्यातल्या खुर्चीवर टाकला आणि गृहस्थ रोज संध्याकाळी तासभर त्या खुर्चीत बसले. तीन संध्याकाळी. आजी पहिल्या दिवशी पदर नाकाला लावून फिरत होत्या. आकडे फारसे हलले नाहीत. मग मार्चअखेर ती सहा आठवड्यांच्या बोलीवर आली, आणि फॉस्टर ताईंनी तिची जागा तेवढे दिवस मोकळी ठेवली. मांजर परत जाण्याची वेळ आली तर ते रस्त्यावर जाता कामा नये, ही माझी अट होती आणि तिच्यात मी कुणालाच सूट दिली नसती.

नियम मोजके ठेवले. आईवडिलांची झोपायची खोली मांजराला बंद, तिथे अगदी बारीक कण अडवणाऱ्या हेपा गाळणीचं हवा शुद्ध करणारं यंत्र. केस विंचरणं आणि लिटरचा (मांजराच्या शी-शूचा) ट्रे आईकडे, तेही बाल्कनीत. झाडूने धूळ उडते म्हणून केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसायची. मांजराला आंघोळ घालायचा विचार त्यांनी बोलून दाखवला होता; मी सोडायला लावला, कारण धुतल्यावर प्रथिन कमी होतं ते जेमतेम काही दिवस, आणि दर आठवड्याला दोनदा पाण्यात बुडवलेलं मांजर त्या घरात सुखाने राहिलं नसतं.

पहिले दोन आठवडे उत्तम गेले. तिसऱ्या आठवड्यात वहीतले आकडे उतरायला लागले: ४४०, ४२०, ४००, ३८०. रात्री खोकला. फोनवर आईचा आवाज रडवेला. सगळे नियम पाळतोय, दार बंद असतं, यंत्र चालू असतं. मी त्या रविवारी घरी गेले.

झोपायच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी, व्यवस्थित घडी घातलेली एक गोधडी होती. आजींनी स्वतःच्या जुन्या नऊवारींची शिवलेली, मऊ पडलेली, लेकीची. मी घडी उलगडून खिडकीपाशी धरली. मधल्या निळ्या काठावर पिवळे, काळे, पांढरे बारीक केस टाक्यांच्या रांगांमध्ये अडकून बसले होते. दुपारी लेक शाळेत असताना मांजर दिवाणखान्यात त्याच गोधडीत झोपायचं, रात्री लेक ती पांघरायची आणि सकाळी आई ती घडी करून जागा होती म्हणून आपल्या पलंगावर ठेवायची. मांजराला दार बंद होतं, पण त्याचं अंथरूण रोज उचलून आत नेलं जात होतं. गोधडीसारखं धरून ठेवणारं कापड दुसरं नाही. थरावर थर, मध्ये टाके, आणि प्रत्येक फटीत तेच कण.

गोधडी गरम पाण्यात दोनदा धुतली, उन्हात वाळवली आणि लेकीच्या कपाटात गेली. पलंगावरची चादर, उशांचे अभ्रे, पडदे, सगळं धुतलं. आकडे ३८० वरच थांबले होते, ३६८ च्या खाली एकदाही गेले नाहीत. दहा दिवसांत ४४० परत आले.

याच सुमारास त्यांनी खास खाद्याबद्दल विचारलं. अंड्यातली प्रतिपिंडं लावलेलं मांजराचं खाद्य निघालं आहे. ती प्रतिपिंडं तोंडातच फेल-डी-१ ला निकामी करतात. १०५ मांजरांवरच्या अभ्यासात तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचं सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्क्यांनी घटलं. अभ्यास खाद्य बनवणाऱ्या कंपनीचाच होता, हेही मी सांगितलं. कल्पना मला पटते, पण एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला हे समजत नाही. म्हणून ते तूर्त बाजूला ठेवलं.

सहा आठवडे मे महिन्यात पूर्ण झाले आणि दत्तकाच्या कागदावर सह्या झाल्या. जूनमध्ये पाऊस लागला, खिडक्या बंद झाल्या, भिंतींना ओल आली आणि आकडा ४१० पर्यंत उतरला. हा दोष माइटचा की मांजराचा, हे वहीवरून ठरवता येत नाही, बहुधा दोघांचा. तज्ज्ञांनी पंपाची मात्रा वाढवली आणि इम्युनोथेरपीबद्दल बोलणं केलं, म्हणजे अ‍ॅलर्जी देणारा पदार्थच अल्प मात्रेपासून सुरू करून तीन ते पाच वर्षं देत राहायचा. त्याचा निर्णय अजून झालेला नाही. 'हळूहळू सवय होते' असं त्यांना बरेच जण सांगतात. माझी त्यांना विनवणी असते, की त्या भरवशावर पंप सोडू नका. नाक शांत झालं तरी छातीच्या आत सूज चालू असू शकते.

आता त्या भाटीला घरी येऊन आठ महिने झाले. गृहस्थांना काही दिवशी गोळी लागते. तिच्या पोटात तोंड खुपसण्याचं सुख लेकीचं. त्यानंतर ती तोंड धुते, टॉप बदलते आणि मगच बाबांशेजारी बसते, न सांगता. गेल्या आठवड्यात लसीसाठी सगळे आले होते. टोपली बाबांनी धरली होती, हात लांब करून. वहीत त्या सकाळचा आकडा ४४० होता. आणि आजींनी पिशवीतून एक छोटी नवी गोधडी काढून मला दाखवली, दीड हात लांब, पूर्ण पिवळ्या रंगाची. घरात दुसरी पिवळी गोधडी नाही, म्हणाल्या, म्हणजे कुणाची कुठली यात पुन्हा घोळ व्हायला नको.